सीएनसी राउटरला क्लॅम्प दिसत नाही, त्याचा हिशोब तुम्हीच करायचा



राउटर घेऊन जॉबवर्क सुरू करायचा विचार असलेले बरेच जण विचारतात, "सर, मशीन तर ऑटोमॅटिक आहे, मग ते स्वतःच्याच क्लॅम्पवर कसं काय आपटेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आजचा लेख त्याचंच उत्तर आहे.

बिट झिजून तुटलं तर नुकसान एका बिटाचं. पण फिरतं बिट लोखंडी क्लॅम्पवर आदळलं, तर बिट जातं, शीट जाते आणि ग्राहकाला दिलेली तारीखही जाते. त्यात शीट ग्राहकाने आणून दिलेली असेल तर ती भरून द्यायची तुम्हालाच. नवीन धंद्यात असा एक दिवस आठवड्याचा नफा खाऊ शकतो.

आता मुद्दा समजून घ्या. तुमच्या फाईलमध्ये फक्त डिझाईनचा रस्ता असतो. बेडवर क्लॅम्प कुठे आहे, स्क्रू कुठे आहे, बाजूची पट्टी किती उंच आहे, हे फाईलला माहीत नसतं. लिमिट स्विच आणि सॉफ्ट लिमिट मशीनला टोकाच्या बाहेर जाऊ देत नाहीत, पण मधल्या क्लॅम्पशी त्यांचा काही संबंध नाही. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्येही तुम्ही जे काढलं तेवढंच दिसतं.

एक उदाहरण धरू. देवघराची जाळी, १८ मिमी एमडीएफ, ६ मिमीचं बिट, चार कोपऱ्यांना क्लॅम्प. क्लॅम्पच्या बोल्टचं टोक शीटच्या वर २५ मिमी आलंय.

१) उचल किती ठेवायची?

एका छिद्रातून दुसऱ्या छिद्राकडे जाताना बिट वर उचललं जातं आणि फास्ट स्पीडने सरकतं. या उंचीला सेफ झेड म्हणतात. समजा फाईलमध्ये ती ५ मिमी आहे. क्लॅम्प २५ मिमी. म्हणजे वाटेत क्लॅम्प आला की धडक ठरलेली, आणि तीही फास्ट स्पीडमध्ये!

नियम सोपा आहे: सर्वात उंच अडथळा अधिक १० मिमी. इथे २५ + १० = ३५ मिमी. पण हे झेडचा झिरो शीटच्या वरच्या पृष्ठभागावर घेतला असेल तर. झिरो बेडवर घेतला असेल तर शीटची जाडी मिळवा: १८ + ३५ = ५३ मिमी. झिरो कुठे घेतलाय हे फाईल बनवणारा आणि मशीन चालवणारा, दोघांनाही माहीत पाहिजे. आणि मशीनचा झेड तेवढा वर जातो का, तेही आधी बघून घ्या.

२) बिटाबरोबर नटही फिरतो

सेफ झेड बरोबर असूनही धडक होऊ शकते. कशी? आपण बिटाचा रस्ता बघतो, पण बिटाच्या वर कोलेटचा नट असतो. ईआर २० चा नट साधारण ३४ मिमी व्यासाचा, म्हणजे मध्यापासून १७ मिमी. बिट तर मध्यापासून फक्त ३ मिमी आहे.

समजा बिट नटाच्या खाली ३० मिमी बाहेर आहे आणि शेवटचा पास १८ मिमी खोल आहे. मग नटाचा तळ शीटच्या वर फक्त १२ मिमी राहतो. क्लॅम्प आहे २५ मिमी! बिट बाजूने निघून जाईल, पण नट अडकेल. म्हणून बिटाच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून क्लॅम्प किमान ३० मिमी लांब ठेवा. डस्ट शू लावला असेल तर तो नटापेक्षा रुंद असतो, त्याचं माप वेगळं घ्या. ही जागा शीटवर डिझाईन मांडतानाच सोडायची. क्लॅम्प लावताना आठवलं तर उशीर झालेला असतो.

३) सुरुवात आणि शेवट

फाईलच्या सुरुवातीला आधी फक्त झेड वर गेला पाहिजे, मग एक्स-वाय. शेवटी पण तसंच: आधी वर, मग घरी. तिन्ही अक्ष एकाच ओळीत हलले तर बिट तिरकं जातं आणि कोपऱ्यातल्या क्लॅम्पला भेटतं. फाईलच्या पहिल्या आणि शेवटच्या दहा ओळी वाचायची सवय लावा.

४) बिट बदललं की झिरो पुन्हा

नवीन बिट २० मिमी जास्त बाहेर आलं आणि तुम्ही झिरो घेतला नाही, तर तुमची ३५ मिमीची उचल प्रत्यक्षात १५ मिमीच उरते. म्हणजे २५ मिमीच्या क्लॅम्पपेक्षा कमी. शिवाय बिट २० मिमी जास्त खोल, थेट बेडमध्ये घुसेल.

५) आधी हवेत चालवा

झेडचा झिरो ५० मिमी वर घ्या, स्पिंडल बंद ठेवा आणि फाईल कमी स्पीडने चालवा. ५० का? कारण १८ मिमी खोली आणि २५ मिमी क्लॅम्प मिळून ४३ होतात, त्यापेक्षा जास्त हवं. उचलही तेवढीच वाढते, त्यामुळे झेडची हालचाल पुरते ना, हे बघा. हात इमर्जन्सी बटणाजवळ. बिट कोणत्या क्लॅम्पवरून जातंय आणि तेव्हा ते उचललेलं आहे का, एवढंच बघायचं. नंतर झिरो परत जागेवर आणायला विसरू नका.

क्लॅम्पच बुटका केला तर?

उंच क्लॅम्पचे पैसे रोज जातात, धडक झाली नाही तरी. ५ ऐवजी ३५ मिमी उचल म्हणजे प्रत्येक वेळी ३० मिमी जादा वर आणि ३० मिमी जादा खाली. झेडचा स्पीड मिनिटाला ३००० मिमी धरला तर १.२ सेकंद. जाळीला २०० छिद्रं असतील तर एका शीटमागे ४ मिनिटं, दहा शीटला ४० मिनिटं!

म्हणून शक्य असेल तिथे कडेच्या वाया जाणाऱ्या भागात स्क्रू पूर्ण आत बसवा, किंवा व्हॅक्यूम बेड वापरा. क्लॅम्प लागणारच असेल तर लाकडाचा बनवा. चुकून बिट लागलं तर ते लाकूड कापेल, लोखंडावर फुटून अंगावर उडणार नाही. तरीही गॉगल घालाच.

आणि धडक झालीच तर? इमर्जन्सी दाबा, बिट आणि कोलेट तपासा, होमिंग करून तिन्ही झिरो पुन्हा घ्या. साध्या स्टेपर मोटरच्या मशीनला आपण जागेवरून सरकलोय हे कळत नाही. तसंच पुढे चालू केलं तर उरलेली जाळी सरकून कापली जाईल.

आजचं काम: तुमच्याकडचे सगळे क्लॅम्प मोजा. प्रत्येकावर मार्करने उंची लिहा आणि सर्वात मोठा आकडा कॉम्प्युटरच्या स्क्रीनशेजारी चिकटवा. मशीन अजून घेतलं नसेल, तर डेमो बघायला जाताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: झेड किती वर जातो, आणि शीट धरायची सोय काय आहे?