फुंकर मारा, घंटा वाजेल!

मानेतील मज्जारज्जूला जबर इजा झाली, की हातपाय लुळे पडतात. असा माणूस घरी खोलीत एकटा असताना मदत कशी मागणार? घंटेचे बटण उशाशीच आहे, पण बोट हलत नाही!

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांजवळ हाक मारायला नुसती शिट्टी असे. तेथे रुग्णांना भेटायला जाणाऱ्या रेज मेलिंग यांनी ते पाहिले आणि १९६० च्या सुमारास 'पॉसम' हे यंत्र रचले. तोंडातील नळीत फुंकले वा हवा ओढली, की विजेचा स्विच चाले. लॅटिनमध्ये 'पॉसम' म्हणजे 'मी करू शकतो'.

फुंकरीत एवढे बळ असते? हिशेब करू. हलकी फुंकरही पाण्याचा १० सेंमी. स्तंभ उचलते, म्हणजे दाब सुमारे १००० पास्कल. नळीच्या टोकाला ४ सेंमी. व्यासाचा पातळ पडदा असेल, तर त्यावर सव्वा न्यूटन बल पडते. छोट्या स्विचला तेवढे पुष्कळ झाले.

खरी मेख पुढेच आहे. फुंकरीने विद्युतमंडल जोडले जाते असे ठेवले आणि उंदराने तार कुरतडली तर? घंटा गप्प, आणि घरच्यांना वाटते, सारे ठीक आहे! म्हणून उलटे करावे. प्रवाह सतत वाहता ठेवून रिले ओढून धरायचा. फुंकरीने प्रवाह तुटला, की रिले सुटून वेगळ्या बॅटरीवरची घंटा वाजेल. मग तार तुटो की वीज जावो, घंटा वाजणारच. खोट्या हाका वाढतील खऱ्या, पण त्या परवडल्या. घंटेची बॅटरी संपली तर मात्र कळणार नाही. त्यासाठी रोज सकाळी एक फुंकर मारून पाहावी.