जुना संगणक आणि संस्थेचे दप्तर

महोत्सवी वर्षात इमारत, निधी आणि शिष्यवृत्त्या यांचा आढावा आपण हौसेने घेतो. परंतु ज्या संगणकावर हा सारा हिशेब ठेवलेला असतो, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. लहान संस्थांच्या कचेरीत बहुधा सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, किंवा कोणी देणगीदाखल दिलेला संगणक असतो आणि त्यावर ‘विंडोज १०’ असते. ही कार्यप्रणाली जुलै २०१५ मध्ये आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नेहमीचे विनामूल्य साहाय्य थांबविले. याचा अर्थ काय आणि आपण करावे काय, हे सभासदांस समजावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साहाय्य थांबले म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि म्हणूनच धोका ध्यानात येत नाही. प्रत्येक कार्यप्रणालीत काही उणिवा राहून गेलेल्या असतात. त्या उघडकीस आल्या की कंपनी दुरुस्ती, म्हणजे ‘अपडेट’, पाठविते. साहाय्य संपल्यानंतर सापडलेली भगदाडे मात्र उघडीच राहतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांसह जगभरचे असंख्य संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघाली होती. ती न लावलेले संगणक सापडले.

आपल्या संगणकात देणगीदारांचे पॅन क्रमांक असतात, विद्यार्थ्यांचे अर्ज असतात, आणि अडचणीच्या वेळी साहाय्य घेतलेल्या कुटुंबांची नावेही असतात. ही नावे आपण अहवालातसुद्धा छापीत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्राचा नसून संस्थेवर टाकलेल्या विश्वासाचा आहे.

आता मार्ग पाहू. पहिला मार्ग ‘विंडोज ११’ घेण्याचा. त्यासाठी निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य साधनाने आपला संगणक पात्र आहे की नाही ते कळते. कित्येकदा टीपीएम असते, पण बंद ठेवलेले असते. ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. अपात्र संगणकावर आडमार्गाने ही प्रणाली बसवून देणारे भेटतात. पण तेथे पुढील अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

दुसरा मार्ग पैसे भरून मुदत वाढविण्याचा. संस्थांसाठी कंपनीने पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर ठेवला. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय ऑक्टोबर २०२८ पर्यंतच आहे. उशिरा सामील होणारासही मागील वर्षाचे पैसे भरावे लागतात. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, हे ध्यानात घेता नव्या संगणकासाठी थोडी सवड मिळविण्यापुरताच हा मार्ग उपयोगी.

तिसरा मार्ग उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारख्या विनामूल्य प्रणालींचा. पत्रव्यवहार, सभासदांची यादी, ईमेल यांसाठी त्या पुरेशा आहेत. लिबर ऑफिसही फुकट मिळते. पेन ड्राइव्हवरून चालवून, आधीचे काहीही न पुसता त्यांची परीक्षा घेता येते. मात्र हिशेबाचे टॅली विंडोजसाठीच बनविलेले आहे. प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन चालते की नाही, हेही आधी पाहावे.

चौथा मार्ग म्हणजे जुन्या यंत्राचे इंटरनेट कायमचे तोडून ते केवळ जुने हिशेब पाहण्यास ठेवणे. पेन ड्राइव्हमधून रोग येऊ शकतो, याचे भान मात्र ठेवावे.

कोणताही मार्ग घ्या, आधी साऱ्या दप्तराच्या दोन प्रती काढाव्यात. एक कचेरीबाहेर ठेवावी. जुन्या स्मरणिका आणि इतिवृत्ते युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असतील, तर ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील अनेक घराण्यांत मोडी कागद जपून ठेवलेले आहेत, पण वाचणारे थोडे. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला तर आपल्या इतिवृत्तांचीही तीच गत होईल. जुना संगणक कोणास देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क पूर्ण पुसावी किंवा काढून घ्यावी.

शेवटी एक सूचना. हा निर्णय कचेरीतील एकट्या कारकुनावर किंवा एखाद्या सभासदाच्या हुशार मुलावर सोडू नये. कोणता संगणक कोणत्या कामाचा, त्याची मुदत केव्हा संपते आणि खर्च किती, याचा तक्ता कार्यवाहांनी कार्यकारिणीपुढे ठेवावा, तारखेसह ठराव करावा आणि अंदाजपत्रकात त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवावी. छपराच्या दुरुस्तीसाठी आपण ती ठेवतोच. दप्तराच्या रक्षणासाठीही ठेवावी.