भांडखोर माशांचा संसार

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. कडोलीसारख्या गावातला एखादा शाळकरी मुलगाही बेळगावच्या बाजारातून दोन देखणे मासे घेऊन येतो. दुकानदाराने ती नर-मादीची जोडी असल्याचे सांगितलेले असते. आठ-पंधरा दिवस सारे सुरळीत चालते. मग एके सकाळी मादी टाकीच्या कोपऱ्यात, फाटलेल्या परांनी, निपचित पडलेली आढळते. पाणी बिघडले असेल, अन्न चुकले असेल, असे तर्क घरात सुरू होतात. खरे कारण बहुधा निराळेच असते. मासे सिक्लिड कुळातले असतात, त्यांच्या विणीचा काळ आलेला असतो आणि टाकी लहान असते.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे कुळ आपल्याला परके नाही. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर, म्हणजेच केरळचा करिमीन, याच कुळातला. १९५२ साली भारतात आणलेला आणि आज तळ्यातळ्यांत पसरलेला टिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हाही त्यांचाच आप्त. भारतात मूळचे असे सिक्लिड तीनच. कालुंदर हा त्यांतला मोठा. दुसरा दक्षिण कन्नड भागातील नद्यांत राहणारा त्याचा दुर्मीळ भाऊबंद. तिसरा, जेमतेम आठ सेंटिमीटरांचा पिवळा-नारिंगी मासा, शौकिनांच्या भाषेत ‘ऑरेंज क्रोमाइड’. दक्षिणेच्या किनारपट्टीवरील खाड्यांत व गोड्या पाण्यात तो आढळतो.

बहुतेक मासे अंडी घालून मोकळे होतात. सिक्लिड तसे करीत नाहीत. ऑरेंज क्रोमाइडची जोडी आधी एखादा सपाट दगड तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करते, त्यावर अंडी चिकटवते आणि परांनी वारा घालावा तसे त्यांच्यावर पाणी हलते ठेवते. पिल्ले बाहेर पडली की आई-बाप त्यांना खळग्यांत नेऊन ठेवतात. पुढे ही पिल्ले आई-बापांच्या अंगावरील चिकट स्राव टिपून खातात. एवढ्या मायेने वाढविलेल्या पिल्लांच्या जवळपास कोणी फिरकले तर आई-बाप त्याच्यावर तुटून पडतात. ज्याला आपण भांडखोरपणा म्हणतो ती वास्तविक घराची राखण होय.

नदीत किंवा खाडीत या राखणीने कोणाचा सहसा जीव जात नाही. हरलेला मासा चार हात दूर पळतो आणि भांडण मिटते. काचेच्या टाकीत ‘दूर’ अशी जागाच नसते. म्हणूनच टाकी निवडताना माशाची लांबी पाहून भागत नाही. तो किती जागेवर हक्क सांगणार, हे पाहावे लागते. हा हक्क मुख्यतः तळाच्या जमिनीवर असतो. तेव्हा उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी केव्हाही बरी. ऑरेंज क्रोमाइडच्या एका जोडीला ७५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच अशी, म्हणजे १२० लिटरांची टाकी पुरते. मध्य अमेरिकेतील पट्टेरी ‘कॉन्व्हिक्ट’ जोडीला ९० सेंटिमीटर लांबीची टाकी द्यावी. फूटभर वाढणाऱ्या ‘ऑस्कर’ची वीण घ्यायची तर १५० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद-उंच टाकी हवी. तीत ५४० लिटर पाणी मावते. त्याचे वजनच ५४० किलो होते, काचेचे निराळे. असा भार घरातल्या साध्या मेजावर ठेवता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

आता प्रश्न सोबत्यांचा. साधा विचार सांगतो की, जोडीला एकटे ठेवले म्हणजे भांडणच मिटेल. अनुभव याच्या उलट आहे. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. टाकीच्या मधोमध काच घालून दोन बाजूंस दोन जोड्या ठेवल्या, तर नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतात आणि घरात शांतता नांदते. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नर आपल्याच मादीला मारू लागतो. काच पुसून स्वच्छ केली की घरात पुन्हा सलोखा होतो. पुढे १९६९ साली ऍन रासा यांनी ऑरेंज क्रोमाइडवरच प्रयोग करून दाखविले की, अगदी एकाकी ठेवलेल्या जोडीत आपापसांतील मारामारी वाढते आणि वीण यशस्वी होण्याचे प्रमाण घटते.

यास्तव सोबती हवेत, पण निवडून. वरच्या थरात वेगाने पोहणारे, आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणाऱ्या डॅनिओसारखे पाच-सहा मासे लांब टाकीत चालतात. संथ चालीचा, लांब शेपटीचा गोल्डफिश मुळीच नको. तो हकनाक मरतो. काच साफ करतो म्हणून ‘सकर’ मासा ठेवणेही चुकीचे, कारण रात्रीच्या अंधारात तो अंडी फस्त करतो. कालुंदर आणि ऑरेंज क्रोमाइड यांनाही वीण घेताना एकत्र ठेवू नये. क्रोमाइडची लहान पिल्ले कालुंदराच्या अंगावरील परजीवी टिपून त्याची सेवा करतात खरी, परंतु मोठी झाल्यावर तीच त्याची अंडी-पिल्ले खातात. टाकी लहान असेल तर काचेच्या पडद्याआड ठेवलेला शेजारी हाच सर्वांत निर्धोक सोबती.

जोडी बाजारातून जुळवून आणण्यापेक्षा एकाच वयाची सहा-आठ पिल्ले वाढवावीत. त्यांतली दोन आपणच एकमेकांना निवडतात. मग बाकीची हलवावीत. मादीला आडोसा म्हणून खानापूरची मातीची दोन-तीन मडकी आडवी ठेवावीत. मादी सारखी कोपऱ्यात दडून राहू लागली, तिचे पर फाटू लागले, की त्याच दिवशी मध्ये काच घालावी. उद्यावर टाकू नये.

पिल्ले किती होतील आणि ती कोठे जातील, याचाही विचार आधीच करावा. एका विणीत दोनशेवर पिल्ले होऊ शकतात. जड झालेले मासे विहिरीत किंवा मार्कंडेय नदीत सोडणे म्हणजे दया नव्हे. चिलापीने स्थानिक माशांची जागा कशी बळकावली, हे आपल्या तळ्यांनी पाहिलेच आहे. हौस ज्याने केली, त्याने तिचा भार काचेच्या आतच सांभाळावा. त्या चार भिंतींत माशाला पुरेशी जमीन आणि डोळ्यांसमोर एक शेजारी मिळाला, तर तोच भांडखोर मासा कसा जागरूक पिता असतो, हे मुलांना घरबसल्या पाहावयास मिळेल.