वाचता येत नसले तरी हसता येते

मिरजेच्या एका वस्तीत एक आजी आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन अजून व्हायचे आहे. आजोबा गेल्यापासून त्यांचे बोलणे कमी झाले होते, जेवण अर्ध्यावर आले होते. बीपीची गोळी वेळेवर, पण मन कशातच नाही. नववीतल्या नातीने एका दुपारी मोबाईलवर चिमणराव-गुंड्याभाऊच्या एका गोष्टीचे अभिवाचन लावले. आजी आधी नुसत्या ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. संपल्यावर म्हणाल्या, "पोरी, पुन्यांदा लाव की."

आजींना कधी शाळा मिळाली नाही. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी आया-बायांचे तेच आहे. पुस्तकातला विनोद त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो आता कानावाटे पोचू शकतो, तोही फुकट. म्हणून आरोग्याच्या पानावर हा विषय.

हसल्याने काय होते?

मनापासून हसताना श्वास खोल जातो, नाडी थोडा वेळ वाढते आणि मग अंग सैल पडते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सोबतीने विनोदी कार्यक्रम पाहून हसलेल्या माणसांची वेदना सहन करण्याची ताकद वाढलेली आढळली. म्हणून एकट्याने ऐकण्यापेक्षा दोघाचौघांनी मिळून ऐकावे.

मात्र हसणे हे औषधाच्या जागी नाही. बीपी, साखर, टीबी यांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर हसताना टाक्यांवर उशी धरावी. दमा असलेल्याला हसता हसता खोकल्याची उबळ किंवा धाप लागली, तर थांबावे आणि पंप जवळ असू द्यावा.

ऐकायचे काय?

पहिले नाव चिं. वि. जोशी यांचे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही त्यांचीच जोडी. हे विनोदी लेखक पाली भाषेचे पंडित होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी पाली शिकवली आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी 'पटिसम्भिदामग्ग' या ग्रंथाच्या अट्ठकथेचे संपादन केले. बुद्धवचनाची भाषा शिकवणारा माणूस घराघराला हसवत होता.

दुसरे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे. 'सुदाम्याचे पोहे' मधल्या लेखांत त्यांनी जुन्या रूढींची आणि कर्मकांडाची टर उडवली. तिसरे राम गणेश गडकरी, ज्यांनी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले.

आणि या सगळ्यांच्या आधीचे जोतीराव फुले. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' नाटकात एक जोशी गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून पैसे उकळतो, आणि विदूषक मधे मधे येऊन त्याचे सोंग उघडे पाडतो. आजही गरोदर सुनेला दवाखान्यात न्यायचे सोडून पत्रिका दाखवणारी घरे आहेत. अशा घरात हा विदूषक जरूर ऐकवावा.

फुकट कसे?

आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. फुले १८९० ला गेले, गडकरी १९१९ ला, कोल्हटकर १९३४ ला. चिं. वि. जोशी १९६३ ला गेले, म्हणून १ जानेवारी २०२४ पासून त्यांचे लेखनही खुले झाले. ते कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करावे, वाटावे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, त्यांचे लेखन २०३० पासून खुले होईल. मात्र दुसऱ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणावर त्याचा वेगळा हक्क असतो, हे लक्षात ठेवावे.

यूट्यूबवर लेखकाचे नाव आणि 'अभिवाचन' हा शब्द बोलून शोधा. आकाशवाणीचे कार्यक्रम रेडिओवर तर लागतातच, पण 'न्यूज ऑन एअर' या सरकारी ॲपवरही फुकट ऐकता येतात. तासाभराच्या नुसत्या आवाजाच्या फाईलला साधारण ३० ते ६० एमबी डेटा लागतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. म्हणून फाईल एकदा उतरवून ठेवावी आणि सगळ्यांनी ऐकावी.

'महिनाभर फुकट' म्हणून कार्डाचा नंबर किंवा यूपीआयची परवानगी मागणाऱ्या ॲपपासून सावध राहा. महिना संपला की पैसे आपोआप कापले जातात. ओटीपी कुणालाही सांगू नका.

कोण कुणाला हसते?

जुन्या विनोदात बायकांची, नोकराचाकरांची, खालच्या मानलेल्या जातींची टिंगलही सापडते. त्या काळी लिहिणारे एका वर्गातले होते, आणि हसण्याचा विषय पुष्कळदा आपण होतो. अशी जागा आली तर ध्वनिफीत थांबवून मुलांना विचारा, "यात हसण्यासारखे काय होते?" ढोंगाला हसणे वेगळे आणि दुबळ्याला हसणे वेगळे. सम्यक वाचा म्हणजे तोंड पाडून बसणे नव्हे, पण आपल्या शब्दाने कुणाला जखम होऊ नये, हे त्यात आलेच.

कानाची काळजी

इअरफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत अशी मर्यादा सांगितली आहे, लहान मुलांसाठी आवाज ७५ डेसिबल. घरातली म्हातारी माणसे सारखा आवाज वाढवायला सांगत असतील तर कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप-जेवण तुटले असेल, जगणे नको वाटत असेल, तर नुसत्या विनोदावर विसंबू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

विहारात करता येईल

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. यंदा त्या दिवशी विहारातल्या मुलामुलींनी 'तृतीय रत्न' मधला एकेक प्रवेश मोबाईलवर वाचून ध्वनिमुद्रित करावा आणि वस्तीतल्या आजी-आजोबांना ऐकवावा. ज्यांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांना नातवंडांच्या तोंडून पुस्तक ऐकायला मिळेल. मिरजेच्या आजींचे ऑपरेशन तोवर झाले तर उत्तम. नाही झाले तरी त्यांच्या कानांना मोतीबिंदू नाही.

जयभीम!