चेहरा विकतचा, नाव स्वतःचं

2017 च्या अखेरीस जपानी यूट्यूबवर कोल्ह्याच्या कानांची एक चिमुकली मुलगी अवतरली आणि पुरुषी आवाजात कन्व्हिनियन्स स्टोअरमधल्या नोकरीचं गाऱ्हाणं सांगू लागली. त्या आवाजामागच्या माणसाचं टोपणनाव नेकोमासू. बाहुली त्याने स्वतःच घडवलेली. प्रेक्षकांनी त्याला थेट किझुना आय या गाजलेल्या आभासी यूट्यूबरच्या पंगतीला बसवलं. त्या मंडळींना ‘चार दिक्पाल’ म्हणत, आणि मोजले तर ते पाच भरत!

मला हा किस्सा फार जवळचा वाटतो. एजन्सीविना एकट्याने काम करणाऱ्या व्हीट्यूबरचं, म्हणजे आभासी पात्राआडून बोलणाऱ्या यूट्यूबरचं, अर्थकारण त्यात उघडं दिसतं: पडद्यावर कान हलत असतात आणि घरभाडं दुसऱ्याच नोकरीतून जातं.

नेकोमासूला बाहुली बनवता येत होती. ज्यांना येत नाही, त्यांचं पहिलं बिल पहिल्या प्रेक्षकाच्या आधी येतं. चित्रकार पात्र काढतो तेच सुटं सुटं: पुढचे केस, मागचे केस, पापण्या, ओठ. मग दुसरा कारागीर लाइव्हटूडी सॉफ्टवेअरमध्ये ते तुकडे हलते करतो. चाहते पहिल्याला पात्राची आई म्हणतात, दुसऱ्याला बाबा. पैसे दोघांचे वेगळे. करारात व्यावसायिक वापराचा उल्लेख राहून गेला, तर स्वतःच्याच चेहऱ्याचं किचेन विकायला पुन्हा आईची परवानगी काढावी लागते.

कमाईचं दार उशिरा उघडतं. सुपर चॅट, म्हणजे प्रेक्षकांनी लाइव्हमध्ये पैसे देऊन पाठवलेले संदेश, घ्यायला 500 सबस्क्रायबर आणि वर्षात 3000 तासांचा वॉच टाइम लागतो. 2023 पर्यंत हेच आकडे 1000 आणि 4000 होते. आलेल्या पैशातले तीस टक्के यूट्यूबचे.

एकटं असण्याचा एक फायदा मात्र खरा आहे. निन्तेन्दोने 2018 मध्ये नियमावली काढून व्यक्तींना आपले खेळ दाखवून यूट्यूबवर कमावायची मुभा दिली. कंपन्यांना ती लागू नाही. मोठ्या एजन्सींना त्यासाठी वेगळा करार करावा लागला.

खरी कोंडी झाली ऑक्टोबर 2023 मध्ये. जपानमध्ये उपभोग करासाठी नवी इनव्हॉइस पद्धत आली. वर्षाला एक कोटी येनपर्यंत उलाढाल असलेल्यांना हा कर भरावा लागत नव्हता. आता जाहिरात देणारी कंपनी नोंदणीकृत इनव्हॉइस मागते. नोंदणी केली की कर भरायचा, शिवाय खरं नाव कर खात्याच्या संकेतस्थळावर झळकतं. तुमचा नोंदणी क्रमांक हाती असलेला कोणीही ते पाहू शकतो. ओरड झाली, तेव्हा पद्धत लागू होण्याआधी, 2022 मध्येच खात्याने एकगठ्ठा डाउनलोड होणाऱ्या यादीतून व्यक्तींची नावं काढली. क्रमांकावरून होणारा शोध मात्र राहिला. चेहरा झाकायला इतका खर्च केलेल्या माणसाकडे खरं नाव मागणं मला अन्यायाचं वाटतं.

काहीजण मग छोटी कंपनी काढतात, म्हणजे यादीत तिचं नाव येतं. पण तोट्यातल्या कंपनीलाही वर्षाला साधारण 70,000 येन स्थानिक कर पडतो, संचालकाचं नाव नोंदणी दाखल्यावर असतंच आणि तो दाखला शुल्क भरून कोणीही मागवू शकतो. त्यात चॅनेल कंपनीचं झालं की निन्तेन्दोची ती मुभाही जाते.