‘अधिक का उणे?’ विचारण्याआधी

तिसरी-चौथीतलं मूल गणिताची वही उघडून बसलं की बारामती-इंदापूरकडच्या घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘मम्मी, ह्यात अधिक करायचं का उणे?’ आई भाकरी थापता थापता वहीत डोकावते आणि ‘उणे कर’ म्हणते. मूल वजाबाकी करतं, उत्तर बरोबर येतं, दुसऱ्या दिवशी बाई बरोबरची खूण करतात. अभ्यास झाला असं सगळ्यांनाच वाटतं. पण शाब्दिक उदाहरणात मुलानं करायचं खरं काम तेवढंच होतं आणि ते आईनं करून टाकलं. उरली ती आकडेमोड. ती तर त्याला आधीच येत होती.

फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात १९८०च्या सुमारास गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी त्याच आकड्यांवर काहीतरी क्रिया करून वय काढून दिलं. हाच प्रश्न घरी विचारून पाहण्यासारखा आहे. गोठ्यात १२ गाई आणि ५ शेळ्या आहेत, तर आजोबांचं वय किती? मूल ‘१७’ म्हणालं तर रागावू नये. दोन आकडे दिसले की क्रिया करून मोकळं व्हायचं, ही सवय त्याला मोठ्यांनीच लावलेली असते.

शिकवण्या आणि मार्गदर्शकांमधून आणखी एक सवय लागते. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘जास्त’ म्हणजे पुन्हा बेरीज. आता हे उदाहरण पाहा : मीनाकडे २४ बोरं आहेत. तिच्याकडे दादापेक्षा ६ बोरं जास्त आहेत. तर दादाकडे किती? ‘जास्त’ वाचून मूल ३० लिहितं. उत्तर आहे १८. ल्युईस आणि मेयर या अमेरिकी संशोधकांनी १९८७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशी उदाहरणं दिली, तेव्हा उलट्या वाक्यरचनेवर तेही जास्त चुकले. खुणेच्या शब्दांवर विसंबायला शिकवणं मुलाला नंतर महागात पडतं. त्यापेक्षा ‘कोणाकडे जास्त आहेत?’ एवढं विचारावं. ‘मीनाकडे’ असं मूल म्हणालं की दादाची बोरं कमी, हे त्याचं त्यालाच दिसतं.

मदत करायची ती वाचण्यात. आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. गाय सकाळी ९ लिटर आणि संध्याकाळी ७ लिटर दूध देते. रोज २ लिटर घरी ठेवून बाकीचं डेअरीला घालतात. दहा दिवसांत डेअरीला किती दूध जाईल? पेन्सिल बाजूला ठेवायला सांगावं आणि मुलाला म्हणावं, ‘काय झालं ते मला तुझ्या शब्दांत सांग.’ आकडे न सांगता सांगितलं तर आणखी चांगलं : गाय दोन वेळा दूध देते, थोडं घरी राहतं, बाकीचं डेअरीला जातं. मग विचारावं की घरचं दूध रोज काढून ठेवतात का एकदाच. इथंच पुष्कळ मुलं घसरतात. १६ ला १० नं गुणून १६० काढतात आणि त्यातून एकदाच २ वजा करून १५८ लिहितात. रोज २ लिटर राहतं हे डोळ्यांपुढे आलं, की आधी एका दिवसाचे १४ आणि मग दहा दिवसांचे १४० लिटर, ही वाट मूल स्वतः काढतं. अशा वेळी आईबापानं दोन मिनिटं गप्प राहणं अवघड असतं खरं, पण मुलाला तीच मोठी मदत होते.

काही उदाहरणं सांगून समजत नाहीत, ती काढून दाखवावी लागतात. डाळिंब आणि पेरू मिळून ४८ कॅरेट भरले; डाळिंबाचे कॅरेट पेरूच्या तिप्पट आहेत. शिकलेले पालक इथं ‘क्ष’ मानायला जातात आणि चौथीतलं मूल गोंधळतं. त्यापेक्षा पेरूसाठी एक चौकोन काढावा, डाळिंबासाठी तसेच तीन. चार सारखे चौकोन मिळून ४८, म्हणजे एका चौकोनात १२. पेरू १२, डाळिंब ३६. सिंगापूरनं १९८०च्या दशकात ही पट्ट्यांची रीत प्राथमिक शाळांत आणली आणि पुढे ती जगभर गेली.

शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या घरात हिशेबाला तोटा नसतो : चाळीस गुंठ्यांचा एकर, उसाचं टनेज, बाजारातली सुटी मोड. मग मूल बाजारात बसलं की गणित आपोआप येईल का? दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेलविजेते त्याच्या लेखकांमध्ये आहेत. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चटकन करत होती. शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या तसल्याच गणितात अडत होती. नुसतं शाळेत जाणाऱ्या मुलांची अडचण उलटी होती : वहीतलं जमायचं, बाजारातलं नाही. म्हणजे या दोन हिशेबांमधला पूल कोणीतरी मुद्दाम बांधावा लागतो आणि तो घरात बांधता येतो. बाजारात तोंडी झालेला हिशेब घरी आल्यावर मुलानं वाक्यांत लिहावा आणि नेहमीच्या रीतीनं सोडवावा. वहीतलं उदाहरण सोडवताना तोच प्रसंग आपल्या दुकानात किंवा गोठ्यात घडतोय असं समजून बोलावं.

उत्तर आलं म्हणजे संपलं असंही नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी पाहायला शाळेची ५० मुलं आली आणि एका नावेत ८ बसत असतील, तर किती नावा लागतील? भागाकार ६ येतो, बाकी २ उरते. पुष्कळ मुलं ‘६ बाकी २’ लिहून मोकळी होतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत, ३६ जणांच्या बसमधून १,१२८ सैनिक न्यायचे तर बस किती, असं विचारलं होतं. तेरा वर्षांच्या २९ टक्के मुलांनी ‘३१ बाकी १२’ हेच उत्तर दिलं. बरोबर उत्तर ३२, ते २३ टक्क्यांनाच आलं. घरी एवढंच विचारावं : ‘मग ती दोन मुलं काठावरच राहणार का?’ सातवी नाव मुलाला लगेच सापडते.

उदाहरण असं गप्पांतून घालण्याची रीत जुनीच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त भुंग्यांचं एक उदाहरण घातलं. थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, त्या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिलेला. भुंगे एकूण १५. गणिताचं पुस्तक असूनही त्यातली उदाहरणं मुलीशी गप्पा माराव्यात तशी येतात.

आपलं शिक्षण कमी म्हणून अनेक आया या सगळ्यातून अंग काढून घेतात. राज्यात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता पालक गट तयार झाले. मुलाच्या शिकण्यात आईला हात घालता येतो, मग तिचं शिक्षण कितीही असो, हा विश्वास त्यामागे होता. शाब्दिक उदाहरणाला तर तो फारच लागू पडतो. ज्या आईला वाचता येत नाही, तिला ‘मला वाचून दाखव, आणि काय झालं ते सांग’ असं म्हणता येतं. आठवड्यातून एकदा तिनं मुलाला उलटं काम द्यावं : दूध, ऊस, एसटीचं तिकीट, काहीही घेऊन एक उदाहरण तू तयार कर आणि मला घाल. त्यात एखादी माहिती द्यायची राहून गेली, तर आईनं सोडवायला बसावं आणि तिथं अडलं की मुलालाच विचारावं, ‘अरे, एका लिटरचा भाव किती ते कुठं सांगितलंस?’