पैठणची नाथषष्ठी : रांजण, गोदावरी आणि लोकपरंपरा

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदावरीच्या काठी वसलेले पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी होय. वारकरी संप्रदायात मात्र या नगरीची ओळख संत एकनाथांचे गाव अशीच आहे. फाल्गुन वद्य षष्ठीस येथे भरणाऱ्या यात्रेतील जलविषयक परंपरांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

षष्ठीचे माहात्म्य :
एकनाथांनी इ.स. १५९९ मध्ये या तिथीस गोदावरीत जलसमाधी घेतली. त्यांचे गुरू, देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि जनार्दनस्वामींचे निर्याण हे प्रसंगही याच तिथीस घडले, अशी परंपरा आहे. म्हणून तिला ‘पंचपर्वा षष्ठी’ म्हणतात. यात्रेकरू गोदास्नान करून दोन स्थानांचे दर्शन घेतात : गावातील नाथवाडा आणि नदीकाठचे समाधिमंदिर. षष्ठीस वाड्यातून समाधिमंदिराकडे निर्याण दिंडी निघते. सप्तमीस छबिना व अष्टमीस सूर्यास्तसमयी काल्याची दहीहंडी होऊन उत्सवाची सांगता होते.

रांजणाची परंपरा :
श्रीकृष्णाने ‘श्रीखंड्या’ या नावाने बारा वर्षे नाथांघरी कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तो ज्या रांजणात पाणी ओतीत असे, तो वाड्यात दाखविला जातो. तुकाराम बीजेस, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेस, रांजणाचे पूजन होते आणि भाविक गोदावरीचे पाणी आणून त्यात ओतू लागतात. रांजण भरून वाहिला की देव वाड्यात आला, असे मानतात. ज्याच्या घागरीने तो भरतो, त्याचा सन्मान होतो. देवाने पाणक्याचे काम केले, हा या कथेचा गाभा आहे. त्यामुळे पाणी वाहण्याच्या श्रमालाच येथे पूजेचे मोल येते.

जल आणि समता :
नाथचरित्रातील अन्य आख्यायिकाही याच दिशेने जातात. रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. तप्त वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेले मूल कडेवर उचलून घेतले. ज्या समाजात विटाळाची सर्वांत कठोर सीमा पाणवठ्यावर आखली गेली होती, त्या समाजात या कथांचा अर्थ केवळ भूतदयेपुरता राहत नाही. पाणवठ्याचा हक्क मिळविण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, ही बाब लक्षात घेता नाथांचा आदर्श आणि समाजाचा व्यवहार यांतील अंतर उघड होते.

बदललेली नदी :
१९६५ मध्ये पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा जलाशय ‘नाथसागर’ या नावाने ओळखला जातो. धरण पैठणच्या वरच्या अंगास असल्याने गावाजवळचा प्रवाह आता विसर्गावर अवलंबून असतो, तर जलाशयातील पाणी शेती, उद्योग आणि छत्रपती संभाजीनगरची तहान भागविते. परिणामी, यात्रेतील स्नान हा जसा श्रद्धेचा, तसाच पाण्याच्या नियोजनाचाही विषय झाला आहे.

समारोप :
एकूणच, नाथषष्ठीच्या परंपरेत पाणी हे सेवा, करुणा आणि समता यांचे माध्यम आहे. रांजण एका घागरीने भरत नाही; तो अनेकांच्या घागरींनी भरतो. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्याचे वाटप करताना तहानलेल्यास प्रथम स्थान देणे, हाच या परंपरेचा खरा वारसा ठरेल.